सान होजे, मार्गे नांदुरा

परदेशातून सुखरूप परतल्याबद्दल मी ज्या माणसाचा भर मंदिरात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तो अकोल्याच्या पुढे गेलाच नव्हता.

हे आमचे शेजारी देविदासभाऊ. जळगाव जामोदच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर एकदम कोस्टारिकाला जायचं काढलं. तोवर गल्लीतला सर्वांत लांबचा प्रवास माझा होता. कन्याकुमारी, सहकुटुंब. त्या एका सहलीवर मी पंधरा वर्षं रुबाबात जगलो होतो.

भाऊंनी बैठकीत हातानं आखलेलं वेळापत्रक लावलं. जळगाव सुटणार सहा दहा. नांदुरा, चहापाणी, वीस मिनिटं. मग मुंबई, दोन विमानं, आणि कोस्टारिकाची राजधानी सान होजे. तिथून ज्वालामुखी, झुलते पूल, शेवटी तारेला लटकून जंगल पार करायचं. "विमानाचं काई नाई बाबू," ते मला सांगत. मी शाळेत हेडक्लार्क, म्हणून बाबू. "कनेक्शन सुटलं नाई पाह्यजे."

माझी बायको भाजी निवडायला म्हणून त्यांच्याकडे जायची आणि कोस्टारिका ऐकून यायची. "तिथं एक जनावर हाये म्हनते. दिवसभर झाडाले लटकून झोपते. मले लगेच तुम्ही आठवले."

जळफळाट आवरायला माझ्याकडे एक भक्कम मुद्दा होता. भाऊंच्या बायकोला, शांतावहिनींना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. उजवा पाय उचलत नव्हता. "बायको खाटेवर, आन् हे चालले लटकाले," असं मी गल्लीत सांगत फिरायचो. सांगताना माझा आवाज फार कनवाळू व्हायचा.

एक दिवस भाऊंच्या दाराला कुलूप दिसलं. ते आठ दिवस तसंच. गेला, मी म्हटलं. वहिनींना माहेरी टाकून गेला. ते आठ दिवस मला जेवण गेलं नाही.

कुलूप निघालं तसा मीच सत्काराचा घाट घातला. आपल्याकडे माणसाचा सत्कार करून टाकला की तो विषय संपतो. भाऊंना नुसतं 'आरतीला या' एवढंच कळवलं. मी भाषणात विषुववृत्तापर्यंत जाऊन आलो, शाल घातली, टाळ्या झाल्या.

भाऊ उठले. "कोस्टारिका राह्यली," ते म्हणाले. "हिले घेऊन अकोल्याले गेलतो. पायाच्या इलाजाले." मग शाल चाचपत मला हळूच म्हणाले, "हे ठेवू ना, बाबू? हिले सकाळी थंडी वाजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला बायकोला घेऊन निघालो आणि त्यांच्या फाटकाशीच थबकलो.

अंगणात वहिनी वॉकर धरून उभ्या, अंगावर शाल. फरशीवर खडूनं नावं लिहिलेली. ओट्याशी नांदुरा, नळापाशी सान होजे, पार तुळशीपाशी ज्वालामुखी. भाऊ त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चालत होते. एक हात वहिनींच्या कोपराखाली, न लावता, वीतभर अंतरावर. स्टँडावर कर्ण्यातून पुकारायचे त्याच आवाजात, फक्त हळू, म्हणत होते, "सान होजे गाडी फलाटावर लागली आहे."

वहिनी नळाच्या अलीकडेच थांबल्या. "तुम्ही जाऊन या ना एकटे. माह्यापायी काऊन अडकले?"

"सवारी चढल्याबिगर गाडी सुटत नाई."

या माणसानं सबंध नोकरीत कोणासाठी गाडी मिनिटभर थांबवली नव्हती. मला स्वतःलाच दोनदा नांदुऱ्याच्या गाडीमागे पळायला लावलं होतं.

"दम लागला," वहिनी म्हणाल्या.

"लागू दे. गाडी उभी हाये."

बऱ्याच वेळानं उजवा पाय उचलला. बोटभरच. मग टेकला, नळाच्या पलीकडे. भाऊंनी खिशातून खडू काढला आणि तिथं वाकून वेळ लिहिली.

आम्ही माफी न मागताच फिरलो. माझा मत्सर तिथं गळून पडला असं कोणाला वाटेल, तर तसं झालं नाही. उलट आता तो खरा पेटला; फक्त कोस्टारिकाचा त्याच्याशी संबंध उरला नाही. मी सवयीनं बायकोच्या चार पावलं पुढे होतो. थांबलो. ती आल्यावर म्हटलं, "आपनही जाऊ ना कुठं तरी. लांब."

तिनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"लांबचं मंग पाहू," ती म्हणाली. "पह्यले गव्हाच्या दयनाचा डबा उचला आन् माह्यासंग चक्कीवर चाला."