मागच्या खोलीतील वायरलेस कार्ड चालू करण्याबाबत

ज्या यंत्राला वायर लागत नाही, ते चालू करायला वायरवाल्या यंत्रापेक्षा जास्त माणसं लागतात, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झालं आहे. वायर असली की एक माणूस ती खोचतो आणि कामाला लागतो. वायर नसली की एक माणूस खटपट करतो, दुसरा बॅटरी धरतो, तिसरा 'आता बघ' म्हटल्यावर बघतो, आणि उरलेल्या घराने आवाज करायचा नसतो. आमच्या घरात चारच माणसं आहेत, त्यामुळे मनुष्यबळाची अडचण कधी आली नाही.

खटपट करणारा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानात जाऊन तराजू खरं बोलतो की नाही हे तो पाहतो. (तराजू पाहताना तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत नाही. त्यामुळे खात्यात त्याचा दरारा आहे आणि एकाही दुकानात त्याला चहा मिळत नाही.) अशा माणसाकडून तडजोडीची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या सेवापुस्तिकेचा अपमान करणं होय.

आमचा जुना संगणक अलीकडे इतका मंदावला होता की तो सुरू करून आंघोळ उरकता यायची. दादाने एका रविवारी त्यावर लिनक्स बसवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : लिनक्स ही संगणक चालवणारी एक फुकट आणि स्वतंत्र व्यवस्था आहे. फुकट म्हणजे तिला पैसे पडत नाहीत, आणि स्वतंत्र म्हणजे काही बिघडलं तर ते स्वतः दुरुस्त करायला तुम्ही पूर्णपणे स्वतंत्र असता. संगणक एका दुपारीत तरुण झाला. पूर्वी इंटरनेटवरचं एखादं पान उघडायला तो पाच मिनिटं घेई. आता ते पान उघडणार नाही, हे तो क्षणार्धात सांगू लागला.

याचं कारण अगदी साधं होतं. संगणकाच्या पोटात बोटभर लांबीचं वायरलेस कार्ड असतं आणि ते हवेतलं इंटरनेट पकडतं. त्या कार्डाशी बोलायला संगणकाला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. आमचं कार्ड बनवणाऱ्या कंपनीने इतर सगळ्या व्यवस्थांना दुभाषे दिले होते, लिनक्सला तेवढा दिला नव्हता. त्यामुळे कार्ड आणि संगणक एकाच डब्यात पाठीला पाठ लावून बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. (असं घरातही होतं, पण तिथे निदान आई निरोप पोचवते.)

एरवी हे प्रकरण यथावकाश, म्हणजे दादाच्या निवृत्तीपर्यंत, चाललं असतं. पण मध्येच वहिनीची मुलाखत आली.

वहिनी सहा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. मग आमचे वडील अंथरुणाला खिळले. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून साधकबाधक विचार केला आणि वहिनीने नोकरी सोडली. (वडील आमचे होते, हे केवळ नोंदीसाठी सांगतो.) वडील गेल्यावर तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. मधली वर्षं काय केलं, असं सगळीकडे विचारत आणि तिने खरं उत्तर दिलं की तिचे आभार मानत. आता फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीने तिला शेवटच्या फेरीला बोलावलं होतं. काम घरबसल्याच होतं : लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि उत्तरं द्यायची. मुलाखत गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संगणकावर, शांत खोलीत. फोन चालणार नव्हता, कारण पडद्यावर तक्रारी दाखवून उत्तरं टाइप करून घेणार होते.

"ही गेली तर मी परत कुठे अर्ज करणार नाही," असं ती आईला म्हणाली. वहिनी असं कधी बोलत नाही. मला ते लागलं. दादालाही लागलं असावं, कारण तो लगेच उठून संगणकाचे स्क्रू काढायला गेला.

आमचा संगणक मागच्या खोलीत आहे आणि इंटरनेटचा राउटर पुढच्या खोलीत. या परिस्थितीवर घरातून वेळोवेळी सूचना आल्या आणि दादाने प्रत्येक सूचनेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून ती फेटाळली.

पहिली सूचना आईची. टेबल पुढच्या खोलीत राउटरपाशी आणावं, राउटरची वायर संगणकाला लावावी, मी टीव्ही बंद करून दोन तास जिन्यावर बसेन, असं ती म्हणाली. दादा म्हणाला, "आणि कार्ड काय मग शोभेला ठेवायचं?"

दुसरी सूचना माझी. लांब वायर आणून ती भिंतीच्या कडेने मागच्या खोलीत न्यावी. दादाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "वायरलेस कार्ड असताना वायर? उद्या चष्मा लावशील आणि डोळे मिटून बसशील." (फोनची वायर लावूनही संगणकाला इंटरनेट देता येतं, हे जाणकार वाचक आता अधीरपणे सांगतील. दादाला ते ठाऊक होतं. पण तीही वायरच.)

तिसरी सूचना वहिनीची होती.

"अहो, लिनक्सवर चालणारं दुसरं कार्ड मिळतं ना बाजारात?"

"या कार्डात काय दोष आहे?"

"चालत नाही."

"तो कार्डाचा दोष नाही," दादा म्हणाला.

हे उत्तर इतकं न्याय्य होतं की आम्ही तिघंही उठून आपापल्या कामाला लागलो. जुनी व्यवस्था परत बसवावी, ही चौथी सूचना कुणीच मांडली नाही. घरात काही शब्द उच्चारायचे नसतात.

दादाने मग फोनवरून लिनक्सच्या सहायता मंचावर आपला प्रश्न लिहिला. सहायता मंच ही इंटरनेटवरची अत्यंत उदार संस्था असून तिथे जगभरचे तज्ज्ञ एक पैसा न घेता तुमची चूक दाखवून देतात. दादाला तासाभरात भरघोस उत्तरं आली. काहींनी कळवलं की त्यांच्याकडे चालतं. काहींनी विचारलं की घरात मुळात वायफाय कशाला हवं. एकाने बजावलं की हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे, आणि त्या पूर्वीच्या प्रश्नाचा पत्ता दिला. तिथे त्याहून पूर्वीच्या प्रश्नाचा पत्ता होता. त्या सर्वांत जुन्या प्रश्नाखाली, मंचावर आधी नीट शोधून मग विचारावं, असा सल्ला होता. सर्वांत मोलाचं उत्तर 'एकांडा शिलेदार' असं टोपणनाव घेतलेल्या एका गृहस्थांचं होतं. त्यांच्याकडे हेच कार्ड होतं आणि ते सात वर्षं चाललं नव्हतं. मात्र आता त्याचं त्यांना काही वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. दादाला हे फार आशादायक वाटलं. त्याने ते आम्हाला जेवताना वाचून दाखवलं.

शिलेदारांकडूनच समजलं की कुणा परोपकारी माणसाने या कार्डासाठी स्वतः एक ड्रायव्हर लिहिला आहे आणि तो इंटरनेटवर मोफत मिळतो. म्हणजे इंटरनेट चालू करण्यासाठी लागणारी वस्तू इंटरनेटवर होती. दुबळ्या मनाच्या माणसाने इथे हात टेकले असते. दादाने पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि तो वरच्या मजल्यावर गेला.

वर एक निवृत्त ग्रंथपालबाई एकट्या राहतात. त्यांचा संगणक जुन्याच व्यवस्थेवर चालतो आणि त्यांचं वायफायही चालतं. कसं चालतं हे त्यांना माहीत नाही. दादाच्या मते अशा चालण्याला चालणं म्हणत नाहीत, पण तत्त्वासाठी त्याने ते वापरून घेतलं. त्याने ड्रायव्हर आणला. ड्रायव्हरने दुसरी एक फाइल मागितली. दादा वर गेला. दुसरीने तिसरी मागितली. दादा वर गेला. तिसरीने पहिलीच मागितली, पण थोडी नवी. पुढे पुढे बाईंनी दार उघडंच ठेवलं आणि दादासाठी संगणकासमोर उशी घातलेली खुर्ची मांडली. या काळात घरातलं एकही काम झालं नाही, परंतु दादाचे गुडघे कमालीचे सुधारले. (आईने हा लाभ नातेवाइकांत कळवला आणि एक दोन घरांतून लिनक्सविषयी चौकशीही झाली.)

बुधवारी दादा पेन ड्राइव्ह खालीच विसरून वर गेला, म्हणून तो द्यायला वहिनी गेली. दादा पेन ड्राइव्ह घेऊन पडद्याला डोळे लावून बसला. वहिनीने ती खोली पाहिली. खिडकीपाशी टेबल, भिंतभर पुस्तकं, टीव्ही नाही, आवाज नाही.

"काकू, उद्या अकराला तुम्ही कुठे बाहेर जाणार आहात का?" तिने विचारलं.

"मी कुठे जातेय? निवृत्त बाई मी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ये की तू. मी स्वयंपाकघरात बसेन, हूं की चूं करणार नाही."

ही वाटाघाट दादाच्या पाठीमागे हातभर अंतरावर झाली. त्याला ती ऐकू आली नाही, कारण त्या वेळी फाइल अर्धी उतरली होती.

गुरुवारी दादाने रजा टाकली. सकाळपासून तो टेबलाखाली होता आणि मी बॅटरी धरून होतो. वहिनी इस्त्रीचे कपडे घालून, केस बांधून दारात आली.

"झालं का हो?"

"झालंच समज."

'झालंच समज' हे आमच्या घरात कालमापनाचं एकक आहे, पण ते प्रमाणित नाही. वजनमापे खात्याच्या माणसाला हे सांगणार कोण? वहिनीने थोडा वेळ त्याच्या टेबलाबाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला बघवेना. मग तिने पाण्याची बाटली घेतली, "मी वर काकूंकडे जातेय," म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

"वर चाललीसच तर काकूंकडून माझा पेन ड्राइव्ह घेऊन ये गं," टेबलाखालून आवाज आला.

पुढचा वृत्तांत ग्रंथपालबाईंच्या साक्षीवर आधारित आहे. त्या स्वयंपाकघरात, दारातून पडदा दिसेल अशा बेताने, मटार सोलत होत्या आणि त्यांनी आयुष्यभर वाचनालयात कुजबुज ऐकलेली असल्याने त्यांच्या कानांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. टाइप करायची चाचणी चांगली झाली. मग पडद्यावरच्या तीन अधिकाऱ्यांनी सगळ्या मुलाखतींत विचारतात तो प्रश्न विचारला : समजूत घालायला अत्यंत अवघड अशा एखाद्या माणसाचं उदाहरण द्या, आणि तुम्ही त्याला कसं हाताळलंत ते सांगा.

वहिनीने एकदा जमिनीकडे पाहिलं. जमिनीखालून ठोकल्याचा आवाज येत होता. मग ती बोलू लागली आणि बराच वेळ थांबली नाही. समोरच्याला तीन सोपे उपाय कसे सुचवले आणि तिन्ही कसे नाकारले गेले, हे तिने क्रमवार सांगितलं. "असा माणूस वाईट नसतो," ती म्हणाली. "त्याला आपल्याला मदतच करायची असते. फक्त मदत करताना आपण कोण आहोत, आपल्याला काय हवंय, हे तो विसरतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. मी त्याला म्हणते, तुमचं बरोबर आहे. आणि मग माझं काम दुसरीकडे जाऊन करते."

मधल्या अधिकारीबाईंनी चष्मा काढला.

"हा ग्राहक अजून तुमच्याकडे आहे?"

"हो," वहिनी म्हणाली. "लग्नाला अकरा वर्षं झाली."

त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. केसांत जळमटं, एका हातात स्क्रूड्रायव्हर, असा दादा आत आला आणि ओरडला, "लागलं! अगं, लागलं! खाली चल, आता दे तुझी मुलाखत!"

वहिनी जरा बाजूला सरकली, म्हणजे अधिकाऱ्यांना नीट दिसेल.

नेमणुकीचं कळवायला कंपन्या साधारण पंधरा दिवस घेतात. या कंपनीने जेवणाच्या सुट्टीआधी कळवलं.

कार्ड लागलं, हे खरंच आहे. कशामुळे लागलं हे दादाला सांगता येत नाही, कारण शेवटच्या तासात त्याने अकरा गोष्टी एकदम केल्या होत्या. त्या अकराही त्याने सहायता मंचावर सविस्तर लिहिल्या आहेत. (त्यांतल्या दहा अनावश्यक आहेत. कोणत्या दहा, यावर संशोधन चालू आहे.) शिलेदारांनी त्याला गुरू मानलं आहे. संगणक मात्र बंद करायचा नाही, त्यावर नवं काही बसवायचं नाही, टेबल हलवायचं नाही आणि खोलीत जोरात चालायचं नाही, असे दादाचे स्थायी आदेश आहेत. सबब मागच्या खोलीत आता सहसा कुणी जात नाही. वायफाय तिथे उत्तम चालतं. वहिनी कामाला रोज पाण्याची बाटली घेऊन वर जाते.

दादाच्या मते वहिनीला नोकरी कार्डामुळे लागली. तो हे कौतुकाने सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि वहिनी म्हणते, तुमचं बरोबर आहे.

ही हकिगत मी आजवर अनेकांना सांगितली : नातेवाईक, कचेरीतले सहकारी, दाढी करता करता वस्तरा थांबवून ऐकणारा न्हावी. सगळे मनापासून हसले. हसून झाल्यावर डोळे पुसत प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली, की कार्ड नक्की कुठलं होतं. वहिनीला नवं काम जमतंय का, सहा वर्षांनी पुन्हा कामावर बसताना तिला कसं वाटलं, हे अद्याप एकानेही विचारलेलं नाही.

तुम्हीही तेच विचारणार होता, त्यामुळे उगाच मान हलवू नका. कार्डाचा नंबर माझ्याकडे आहे आणि तो मी अवश्य देईन. तोवर एक करा. वाचन थांबवून उठा, आणि तुमच्या घरातलं माणूस या क्षणी कुठे बसून काम करतंय ते बघून या. सगळ्या खोल्या पाहूनही सापडलं नाही, तर शेजारी विचारा. त्यांना माहीत असतं.