मांडणीचा पट मोडला त्याची हकिकत

श्री. काचेमागे जे अक्षर उजेडाने उभे राहते आणि बोट लागता जागचे हलते, त्या अक्षरास प्रथम नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आश्विन मासापासून पुढे, एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. लिहिणार दरबारचा सामान्य चाकर, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कानी आले तितकेच लिहितो.

त्या राज्याचा उद्योग एकच होता. कोणास आपल्या दुकानाची, खानावळीची वा शिकवणीची वेबसाइट उभारणे असेल आणि संगणकाची विद्या येत नसेल, तर त्याणे या राज्याचे अवजार घ्यावे आणि आपले पान आपल्या हाते मांडावे. त्या अवजारात चित्रे आणि मजकूर जागच्या जागी बसविण्याचा जो भाग, त्यास दरबारी पट म्हणत. हा पट पूर्वी दोघांनी मिळून रचिला, एक नीळकंठराव ताम्हणे आणि दुसऱ्या वेणूबाई कारखानीस. दोघेही वयाने लहान, उमेद मोठी, आणि एका मेजाशी समोरासमोर बसून त्यांणी पट सिद्ध केला तेव्हा सारे राज्य पाहावयास लोटले. पानाचे बारा उभे पट्टे केले, चित्र कोणत्या पट्ट्यापासून कोणत्या पट्ट्यापर्यंत बसेल हे ठरविण्याची सोय केली, चित्राच्या आतली मोकळीक निराळी आणि बाहेरची निराळी ठेविली, आणि संगणकावरची मांडणी एक व मोबाइलवरची दुसरी असा बेत केला. ज्यास कळले त्याणे त्यावर स्वर्ग उभा करावा ऐसी करणी होती. मग पुढे सातासमुद्रापलीकडील एका मोठ्या दौलतीने नीळकंठरावांस बोलावणे धाडिले, आणि त्यांणी वेणूबाईंस बरोबर येण्याविषयी विचारिले. उभयतांची मने जुळली होती हे दरबारी सर्वांस ठाऊक होते, परंतु वेणूबाई बोलल्या की पट आत्ता कोठे उभा राहिला आहे, दोघेही गेलो तर यास पाहणार कोण. नीळकंठरावांनी पुन्हा विचारिले नाही, आणि वेणूबाईंनीही तो विषय पुन्हा काढिला नाही. ते गेले, त्या राहिल्या. त्यांच्या समोरची खुर्ची पुढे दुसऱ्या कोणास दिली गेली, तरी वेणूबाई मान वर करीत तेव्हा क्षणभर त्या खुर्चीकडे पाहत आणि मग पुन्हा कामास लागत, हे आम्ही कैक वेळा पाहिले.

ऐशी काही वर्षे गेली आणि राज्यास उतार लागला. नवीन रयत येई, एक पान अर्धे मांडी आणि निघून जाई, ती शेजारच्या राज्यात जाऊन स्थिरावे. सरकारांची मर्जी चिंताक्रांत जाहली. त्यांणी दरबार भरवून पुसले की लोक जातात ते का जातात. यंत्रखात्याचे सरदार त्र्यंबकराव देवस्थळी यांणी अर्ज केला की लोक धीराचे नाहीत, शिकविण्याच्या चित्रफिती आणखी काढाव्या म्हणजे झाले. मग सरकारांनी आज्ञा केली की वेणूबाईंनी स्वतः रयतेच्या घरी जावे, कोणी पान मांडीत असता शेजारी बसावे, आणि कौल आणावा. अट एकच, की बसून पाहावे, हात लावू नये आणि मार्ग सांगू नये.

त्याप्रमाणे वेणूबाई दक्षिणेकडील समुद्रकाठी शेवंताबाई मयेकर यांजकडे गेल्या, आणि लिहिणार टिपण करण्यास बरोबर होता. शेवंताबाईंचे यजमान सहदेव जहाजावर चाकरीस. वर्षातील बहुत महिने समुद्रावर जात आणि घरी आले की चार दिवस निजून काढीत, मग मुलीशी ओळख नव्याने करून घेत, आणि ओळख जाहली न जाहली तो पुन्हा निघण्याची वेळ येई. शेवंताबाईंनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांकरिता झाडून सारवून ठेविल्या होत्या. वेबसाइट उभी राहिली आणि पाहुणे येऊ लागले, तर यजमानांस जहाजावर जाणे नलगे, हा त्यांचा बेत. त्यांस फार काही नको होते. माडाखालच्या अंगणाचे चित्र पानाच्या मध्यभागी, आणि त्याखाली जेवणाचे चित्र, इतकेच.

शेवंताबाई पान मांडू लागल्या. अंगणाचे चित्र मध्ये ओढिले तो ते उजवीकडे जाऊन बसले. डावीकडे आणिले तो जेवणाचे चित्र खाली घसरले आणि घराचे नाव त्याच्या आड गेले. मोकळीक कमी करावी म्हणून त्यांणी बाहेरची समजून आतली कमी केली, आणि चित्र फुगून पानापेक्षा मोठे जाहले. मग मोबाइलवर पाहिले, तो तेथे काहीच जागेवर नाही. वेणूबाई शेजारी हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. कोठे बोट ठेवावे हे त्यांस ठाऊक, ती जागा त्यांणीच केलेली, परंतु अट मोडिता येईना. सरते शेवटी शेवंताबाईंनी लॅपटॉप हलकेच मिटिला आणि ओशाळवाणे हसून बोलल्या,

“माझाच कायतरी चुकता, बाय. तुमचा यंत्र चांगलाच असतला.”

वेणूबाईंनी पाणी मागून घेतले. परतीच्या वाटेवर गाडीत घाट चढून होईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दरबारी येऊन त्यांणी कौल दिला की पट मोडावा लागेल. त्र्यंबकराव विरोध करिते जाहले. त्यांचे म्हणणे, जुनी जाणती रयत या पटावर पोट भरते, ती बंड करील, आणि ऐसे सुरेख काम पुन्हा होणे नाही. ते खोटे बोलत नव्हते, आणि नीळकंठरावांचे ते जुने स्नेही, त्यांस त्या कामाची माया होती. सरकारांनी वेणूबाईंकडे पाहिले आणि पुसले की हा पट तर तुमचाच. तेव्हा वेणूबाई उठून उभ्या राहिल्या.

“आम्ही दोघांनी तो एकमेकांना दाखवण्यासाठी केला होता,” त्या म्हणाल्या. “तिसरं कुणी बसेल, हे तेव्हा मनातच आलं नाही.”

सरकारांनी पट मोडण्याची आज्ञा दिली.

आज्ञा मिळाली तरी काम अडले. पटाच्या पोटात एक गाठ होती. चित्र वा मजकूर ज्यात बसे तो एक खण हलविला की खालचे सारे खण हलत, आणि ते का हलतात हे कोणास उमगेना. वेणूबाईंनी बहुत यत्न केले, त्र्यंबकरावांनीही मनातील अढी सोडून यत्न केले, यश येईना. ती गाठ नीळकंठरावांनी घातलेली होती. मग त्र्यंबकरावच म्हणाले की त्यांस विचारावे, दुसरा उपाय नाही. वेणूबाईंनी दोन दिवस टाळले आणि तिसऱ्या दिवशी सांजवेळी फोन लाविला. येथे दिवस मावळे तेव्हा तिकडे उजाडत असे. काचेवर नीळकंठराव दिसले. केस कानाशी पिकले होते, मागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर बर्फ होते. वेणूबाईंनी क्षेमकुशल न पुसता शेवंताबाईंची सारी हकिकत सांगितली, चित्र कसे घसरले, नाव कसे झाकले गेले, आणि त्या काय बोलल्या. नीळकंठरावांनी शेवटपर्यंत ऐकिले.

“मोड,” ते म्हणाले. “मी तिथं असतो तर मीच मोडला असता. कुठून सुरुवात करायची ते सांगतो.”

त्यांणी सांगितले की खालचा प्रत्येक खण वरच्यास धरून आहे, म्हणून आधी मोबाइलचे लहान पान सोडवावे आणि मग तेच रुंद करीत न्यावे, उलट जाऊ नये. त्या दिवसापासून रोज सांजवेळी बोलणे होऊ लागले. बोलणे सारे कामाचे. बारा पट्टे रयतेस दिसू नयेत, चित्र बोटाने ओढिले की शेजारच्यांनी आपण होऊन सरकून जागा द्यावी, आतली आणि बाहेरची मोकळीक हा भेद काढून टाकावा आणि जवळ, मध्यम, लांब इतकेच विचारावे, ऐसे एक एक ठरत गेले. परंतु सांज होऊ लागली की वेणूबाई मेज आवरीत, केस सारखे करीत, आणि प्रश्न दोन असले तर चार काढीत, हे शेजारी बसणाऱ्यास दिसल्याविना राहिले नाही. एके दिवशी तिकडून फोन लागला नाही, तेव्हा त्या दिवे लागून गेल्यावरही घरी गेल्या नाहीत. दुसरे दिवशी त्यांणी कारण विचारिले नाही. नीळकंठरावांनीच आपण होऊन सांगितले की बर्फात वीज गेली होती, आणि दोनदा सांगितले.

पट सिद्ध जाहला तेव्हा वेणूबाई पुन्हा समुद्रकाठी गेल्या. सहदेव तेव्हा जहाजावर होते. शेवंताबाईंनी अंगणाचे चित्र बोटाने मध्ये ओढिले, घराचे नाव आपसूक वर सरकले, जेवणाचे चित्र खाली जाऊन बसले. शेवंताबाई त्या वेळी यजमानांविषयी बोलत होत्या. गेल्या खेपेस त्यांणी मुलीकरिता शंख कसे आणिले, मुलीने ते कानाशी धरून बाबा यात आहेत का म्हणून कसे पुसले, आणि त्यावर यजमान उठून परसात कसे गेले, हे सांगता सांगता पान मांडून जाहले. यंत्राविषयी त्या चांगले वाईट काहीच बोलल्या नाहीत, कारण त्यांस ते जाणवलेच नाही. मग त्यांणी मोबाइलवर पान पाहिले, ते तसेच्या तसे होते, आणि लगोलग त्याचा दुवा जहाजावर यजमानांस धाडिला आणि पदराने काच पुसून उत्तराची वाट पाहत बसल्या. वेणूबाई त्यांजकडे पाहत होत्या. लिहिणाराने विचारिले की निघावे का, तर म्हणाल्या, थोडे थांबू. सांज होऊन गेली, उत्तर आले नाही. जहाजास तेव्हा रेंज नव्हती.

पुढे रयत परत आली. जुन्या जाणत्यांपैकी काही रुसून गेले, परंतु बंड जाहले नाही. सरकारांनी वेणूबाईंचा मान केला, त्र्यंबकरावांनी भर दरबारी आपली चूक मान्य केली आणि पेढे वाटिले. शेवंताबाईंकडे पाहुणे येऊ लागले. सहदेव आणखी एका फेरीस गेले, त्यापुढच्या फेरीस गेले नाहीत.

आणि वेणूबाईंच्या सांजा रिकाम्या जाहल्या. नीळकंठरावांस विचारावे असे काही उरले नाही. त्या एकट्याच बसून नव्या पटावर चित्रे ओढून पाहत, मुद्दाम वेडीवाकडी मांडीत, एखादे अडेल, एखादी गाठ निघेल म्हणून; परंतु काम चोख जाहले होते, काही अडत नव्हते. ऐसे काही दिवस गेले. मग माघ मासी एके सांजवेळी त्यांणी फोन लाविला. लिहिणार शेजारच्या मेजाशी होता. नीळकंठराव काचेवर आले ते घाईने, दाढी अर्धी केलेली, आणि त्यांणी पहिलेच पुसले की काय बिघडले.

“काही बिघडलं नाही,” वेणूबाई म्हणाल्या. “काम काही नाही.”

नीळकंठराव म्हणाले, “थांब. दार लोटून येतो.”

लिहिणाराने आपले सामान उचलिले आणि तो बाहेर गेला.

येणेप्रमाणे जुना पट मोडिला आणि नवा जाहला, रयत सुखी जाहली, राज्य सावरले. त्या सांजेस उभयतांत काय बोलणे जाहले ते त्यांचे त्यांस ठाऊक. पाहिले तितके लिहिले, ऐकिले तितके लिहिले, आणि कलम खाली ठेविली.