अण्णांच्या बाजूची काच

"हॅ! काचेचं मशीन बदलायला गॅरेज कशाला लागतं? चार स्क्रू, दोन नट आणि एक वायर! जेवायच्या आत करून टाकतो!"

हे वाक्य भडका रविवारी सकाळी दोनदा बोलला. एकदा बायकोला उद्देशून, आणि ती भाजी चिरतच राहिली म्हणून परत एकदा, जरा आवाज चढवून.

भडका हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार खिडकीवर बसतो. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेला माणूस त्याच्याशी दोन मिनिटं बोलला, की पाणी विसरतो आणि त्याच्याशीच भांडायला लागतो! तिथल्या शिपायाने हे नाव ठेवलं आणि साहेबांनी ते आनंदाने उचललं. घरी बायको त्याला 'अहो' म्हणते आणि वडील, म्हणजे आपले अण्णा, 'चिरंजीव' म्हणतात. पण अण्णा ते 'चिरंजीव' ज्या सुरात म्हणतात ना, तो ऐकलात तर म्हणाल, भडका परवडला!

तर झालं होतं असं. गाडीची पुढची डावी काच, म्हणजे अण्णांच्या बाजूची, शुक्रवारपासून हलत नव्हती. अण्णांनी त्यांच्या दाराचं बटण दाबलं, काच ढिम्म. भडक्याने आपल्या बाजूचं दाबलं, तरी ढिम्म. आणि अण्णांना बंद गाडीत मळमळतं. मागे बसलं की दुप्पट मळमळतं. पुढेच बसायचं, काच पूर्ण खाली आणि वारा थेट तोंडावर, असा त्यांचा शिरस्ता. नाहीतर उतरल्यावर तासभर हात थरथरतात.

एरवी थरथरले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण ह्या रविवारी पाच वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, ज्येष्ठांच्या कॅरम स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचले होते! समोर कोण, तर निवृत्त पोस्टमास्तर. हा गृहस्थ दरवर्षी जिंकायचा, आणि वर हरलेल्याची पाठ थोपटून "छान खेळलात हं!" म्हणायचा. अण्णांची पाठ त्याने इतक्यांदा थोपटली होती, की त्याचं नाव निघालं तरी अण्णा खुर्चीत ताठ व्हायचे.

"टॅक्सी बोलावू या का?" बायकोने विचारलं.

"घरात गाडी उभी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?"

"मग गॅरेजमध्ये..."

"गॅरेजचं नाव काढू नकोस! तो मला म्हणतो, सोमवारी या, बघू. बघू? मला? अगं, हे 'बघू' मी आठवडाभर लोकांना सांगतो! त्याचा अर्थ मला ठाऊक नाही होय?"

म्हणून ह्या गृहस्थाने शनिवारीच काच वर-खाली करणारं नवं मशीन आणून ठेवलं होतं. जुनं गेलं आहे हे कोणी सांगितलं? कोणी नाही! ह्यानेच ठरवलं आणि ह्यानेच दुकानदाराला ठणकावून सांगितलं.

"अहो, पण मागच्या काचासुद्धा..." बायकोने तोंड उघडलं.

"मध्ये बोलू नकोस! मी कामात आहे!"

काम म्हणजे काय, तर मोबाइल बॉनेटवर उभा करून भडका व्हिडिओ बघत होता. त्यातला माणूस सारखा हसत होता. हसत हसत त्याने स्क्रू काढले, हसत हसत दाराचं आतलं पॅनल ओढलं आणि ते अलगद त्याच्या हातात आलं. भडक्यानेही ओढलं. आलं नाही. त्याने दारावर पाय रोवला, दात-ओठ खाल्ले आणि असा हिसका दिला, की पॅनल, भडका आणि पाण्याची बादली असे तिघे एकदम आडवे झाले! पॅनलच्या क्लिपा फटाफट तुटून चौफेर उडाल्या. एक वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसली.

"कसला आवाज झाला हो?" खिडकीतून बायको.

"क्लिप निघाली!"

"एक?"

"मोजायला बसू का आता?"

व्हिडिओतला माणूस म्हणाला, आता काच वर धरून चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला चिकटवा. चिकटपट्टीच्या रिळावर चार बोटं पट्टी उरली होती. भडक्याने घरात येऊन हाताला लागेल ते उचललं. बायकोची लाकडी फुटपट्टी, जुन्या चपलेचा तुकडा आणि टेबलावरची एक गुळगुळीत गोल चकती. हे सगळं त्याने काच आणि दार ह्यांच्या फटीत ठोकून बसवलं. "हे बघ डोकं! चिकटपट्टी लागते कोणाला?" असं तो त्या हसऱ्या माणसाला म्हणाला, आणि खालचे नट सैल केले.

काच एवढी तीन दिवस हलत नव्हती ना? आता गपकन खाली गेली! फुटपट्टीचे दोन तुकडे झाले, चप्पल बाहेर उडाली आणि चकती दाराच्या पोटात गडप झाली. काच फुटली नाही, हे नशीब म्हणायचं. भडक्याने शिव्या हासडत ती तिरकी करून वरून ओढून काढली. आता ही ठेवायची कुठे? अंगणात ठेवली तर कोणीतरी पाय देणार. शेवटी चादरीत गुंडाळून त्याने ती आत नेऊन ठेवली, जुनं मशीन सोडवलं आणि नव्याला वायर जोडली.

बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"तुमचं मशीन मेलेलं आहे! नवं म्हणून मढं विकता?"

"साहेब, जुनं जोडून बघितलंत का?"

"जुनं बंद आहे म्हणून तर नवं आणलं ना!"

"मग उद्या दुकानावर या, बघू."

त्या 'बघू'नंतर भडका फोनवर जे बोलला ते मी लिहीत नाही. दुकानदाराने केव्हाच फोन ठेवला होता, ही गोष्ट वेगळी. नंतर त्याने रागारागाने जुनं मशीन मांडीवर घेतलं, त्याला वायर जोडली आणि पुन्हा बटण दाबलं. तेही मुकं. जेवण केव्हाच गार झालं होतं. बायको दोनदा बोलवायला आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, एक मिनिट ऐका, मागच्या काचा पण..."

"मागचं मागे! आधी पुढचं बघू दे!"

"बघा! नीट बघा! परत मी काही सांगायला आले तर माझं नाव बदला!" ती तरातरा आत गेली.

चार वाजून गेल्यावर अण्णा बाहेर आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात पॉलिश केलेले बूट. दाराकडे बघून ते उभे राहिले. पॅनल नाही, काच नाही, वायरी लोंबताहेत आणि चिरंजीव मांडीवर लोखंड घेऊन जमिनीवर बसलेत.

"चिरंजीव, हे काय?"

"झालंच आहे, अण्णा."

"ते दिसतंय. माझा स्ट्रायकर कुठाय?"

"तुमचा काय?"

"स्ट्रायकर! टेबलावर ठेवला होता. ज्याने मी सगळे सामने जिंकलो तो. पांढरा, गुळगुळीत, गोल."

 भडक्याने एकदा दाराच्या पोटाकडे पाहिलं आणि अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. बस्स, तेवढं पुरलं!

"दारात? माझा स्ट्रायकर तू दारात टाकलास? अरे, मी तो उशाशी घेऊन झोपतो! त्या पोस्टमास्तरापुढे मी काय आता बटाटा घेऊन खेळू?"

"मी काढतो, अण्णा!"

"तू हात लावू नकोस! तू हात लावलास की वस्तू जगत नाही!" असं म्हणून अण्णांनी सदऱ्याची पर्वा न करता उजवा हात खांद्यापर्यंत दारात घातला. आत चाचपडले, पुटपुटले, आणि हात बाहेर आला तेव्हा मुठीत स्ट्रायकर होता. बोटांपासून खांद्यापर्यंत बाही मात्र ग्रीसने काळीकुट्ट! संतापून त्यांनी दुसऱ्या हाताने वायरीला लोंबणारं दाराचं बटण दाबून धरलं. "आणि ह्याला काय धाड भरली आहे? चाल की मेल्या! चाल!"

तेवढ्यात बायको पर्स घेऊन आली आणि सरळ जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"मी गाडी काढते. अण्णांना जायचंय. आणि आता कोणी मध्ये बोलू नका. मागच्या दोन्ही काचासुद्धा शुक्रवारपासून हलत नाहीत. हे मी सकाळपासून सांगतेय! तिन्ही मशीनं एकाच दिवशी मेली का हो? आणि तुमच्या दारावरचं हे बटण आत दबलेलं का आहे?"

तिने बोटाने ते दाबलं. टक्!

आणि भडक्याच्या मांडीवरचं जुनं मशीन जिवंत झालं! घर्रर्र करून वर सरकलं आणि त्याचा अंगठा चिमटीत पकडला. "अयाई गं!" भडका ओरडला. अण्णांचं बोट अजून बटणावरच होतं. त्यांनी ते काढलं नाही.

"कसलं बटण ते, सूनबाई?"

"सगळ्यांच्या काचा लॉक करायचं, अण्णा. हे दाबलं की फक्त ड्रायव्हरची काच चालते. बाकीच्या कुठूनही हलत नाहीत."

भडक्याला गुरुवारची संध्याकाळ आठवली. दाताच्या दवाखान्यातून परत येताना अण्णा काच खाली करत होते आणि हा वर करत होता. एसी चालू असताना काच उघडायची नसते, हे ह्याने सहा वेळा सांगितलं. सातव्यांदा काच खाली गेली, तेव्हा ह्याने ती वर घेऊन रागाने ते बटण मुठीने हाणलं होतं आणि "आता करा!" असं म्हटलं होतं. अण्णांनाही ते नेमकं तेव्हाच आठवलं.

"म्हणजे तूच..."

"अण्णा, साडेचार वाजलेत!" बायको ओरडली. "भांडण येताना करा!"

काच बसवायला वेळ नव्हता, पॅनल लावायला क्लिपा नव्हत्या. मशीन तिथेच टाकलं, लोंबत्या वायरी भडक्याने दोरीने बांधल्या आणि मुकाट्याने मागे जाऊन बसला. अण्णा पुढे बसले. काच नाही, पॅनल नाही, वारा असा भसाभस आत येत होता की त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. मळमळ? नावाला नाही! पूर्ण रस्ताभर ते मागे वळून भडक्याला झाडत होते आणि रागाने त्यांचा हात दगडासारखा स्थिर झाला होता.

सभागृहात पोस्टमास्तर घड्याळ बघत बसला होता. अण्णांची काळी बाही बघून तो हसला. "अहो, कोळशाच्या खाणीतून आलात की काय?"

तेवढं निमित्त पुरलं. अण्णांनी जो पहिला फटका मारला, त्यात मुलगा, दुकानदार, बटण आणि वर्षानुवर्षांची पाठ, सगळा राग होता! दोन सोंगट्या एकदम गेल्या. मग राणी गेली. पोस्टमास्तर शेवटपर्यंत सावरलाच नाही. जिंकल्यावर अण्णा उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याच काळ्या हाताने पोस्टमास्तरच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर मनसोक्त थाप मारली. "छान खेळलात हं!" पाचही बोटं स्वच्छ उमटली.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वाऱ्याला गारठा आला होता. जिंकलेली ढाल मांडीवर घेऊन अण्णा खुशीत होते. राग कुठल्या कुठे पळाला होता. भडक्यालाही जरा हायसं वाटलं. इतक्यात अण्णांनी मान आखडून घेतली आणि सदऱ्याची कॉलर वर केली.

"चिरंजीव, थंडी वाजतेय रे. जरा काच लाव."

 बायकोने आरशातून मागे बघितलं.

"अण्णा, काच घरी आहे," भडका म्हणाला. "फुटू नये म्हणून नीट गुंडाळून ठेवली आहे."

"कुठे?"

"तुमच्या पलंगावर."

अण्णा सावकाश मागे वळले.

"आणि मी कुठे झोपू?"