डॉक्टरांना फेटा न बांधण्याचा ठराव

भरदुपारी घर शांत असताना माझ्या लेकीच्या, क्रांतीच्या काखेतला थर्मामीटर टुकटुक वाजला. ताप होताच. तिला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याकडं निघाले.

सक्षम आरोग्ययंत्रणा हा निरोगी समाजाचा पाया असतो. गडमुडशिंगीच्या पुढं, उसात बुडालेल्या आमच्या गावात हा पाया दोन माणसांचा आहे. उदयसिंह डॉक्टर, वय चौऱ्याहत्तर. आणि कंपाउंडर चिमणाबाई, ज्या वय विचारलं की इंजेक्शन जोरात देतात. नवीन भरतीचं प्रमाण शून्य टक्के असून त्यात गेली कित्येक वर्षं घट झालेली नाही, ही समाधानाची बाब. कोल्हापूर जवळ आहे, पण तिथं आधी फाईल निघते, मग ताप बघतात. आमचे डॉक्टर क्रांतीच्या कपाळाला हात लावून "आईस्क्रीम कुणी दिलं हिला?" एवढंच विचारतात, आणि माझा जीव भांड्यात पडतो.

अशा डॉक्टरांनी गुडघ्यांचं कारण सांगून दसऱ्यापासून दवाखाना बंद करायचं जाहीर केलं. तातडीनं निवृत्ती प्रतिबंधक समिती स्थापन झाली, अध्यक्ष बाळासो. समितीनं प्रकरणाचा सखोल अभ्यास केला (चहा दोनदा). मास्तर असो वा तलाठी, फेटा बांधून, शाल-नारळ देऊन सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडं कुणी निवृत्त झाल्याचं आढळत नाही. सबब, डॉक्टरांचा सत्कार करायचाच नाही. एकमतानं मंजूर. मी तर दोन्ही हात वर केले.

डॉक्टरही इथलेच. बिनसत्काराचं घरी बसणं त्यांनाही बरं दिसेना. दसरा गेला, दिवाळी गेली, ते पेशंट बघत राहिले.

क्रांतीला घेऊन गेले त्या दुपारी बाळासो दवाखान्यातल्या बाकावरच होते. क्रांतीच्या छातीला नळी लावत डॉक्टर म्हणाले, "बाळासो, सत्काराचं कुठवर आलंय?"

"फेटेवाला आजारी हाय, डॉक्टर."

"औषध कुणाचं चालू आहे?"

"तुमचंच की."

"मग परवा उठतोय बघ."

"तेवढं जरा बेतानं बरं करा की."

चिमणाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरही हसले. मग खुर्चीतून उठायला त्यांनी टेबल धरलं, एकदा जमलं नाही, पुन्हा धरलं. मी घाईनं भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघू लागले.

"मला सोडा की रं आता," ते म्हणाले. "गावातली एवढी पोरं डॉक्टर झाली. त्यातलं एखादं आणून बसवा."

आकडेवारी त्यांच्या बाजूची आहे. गावानं आजवर नऊ डॉक्टर दिले, नऊही जणांचे अभिनंदनाचे फलक स्टँडवर लागले. चार पुण्यात, दोन बेंगळुरूत, उरलेले विमानाच्या अंतरावर. सगळ्यांना गावाची फार ओढ. यात्रेला येतात आणि आईबापांना उदयसिंह डॉक्टरांच्या हवाली करून जातात.

समितीची जागेवरच बैठक झाली. ठराव दुसरा: गावातल्या एखाद्या हुशार पोरानं डॉक्टर होऊन इथंच बसावं, तोवर फेटेवाल्यानं पूर्ण विश्रांती घ्यावी. सूचक बाळासो (चिरंजीव पृथ्वीराज, पुण्याला मेडिकलच्या क्लासला). अनुमोदक मी (त्याच क्लासची क्रांतीसाठी चौकशी करून ठेवलेली, ती पाच वर्षांची आहे). बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

घराकडं येताना तापलेला गाल माझ्या मानेवर टेकवून क्रांती खांद्यावर पडली होती. झोपली असं समजून मी हळूच शाल सारखी केली, तर म्हणाली,

"आई, गावातलं पोरगं म्हणजे कुणाचं गं?"