शार्कला नम्रपणे सांगणारे आबासाहेब

अख्ख्या ग्वाल्हेरात शार्क माशाला पळवून लावण्याचं औषध करणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा.

आबासाहेब सुर्वे. शिंदे की छावनी या मोहल्ल्यात त्यांची न् आमची भिंत एक. संस्थानच्या फौजेच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौज दिल्लीच्या फौजेत गेली आणि आबासाहेब पेन्शनीत निघाले. तेव्हापासून त्यांच्या अंगणात एका पातेल्यात मोरचूद, सिरका आणि सडकी मासळी उकळू लागली. आम्ही तिथे राहायला आलो त्या दिवशी माझ्या बायकोला वाटलं, शेजारी कुणीतरी गेलंय आणि अजून उचललेलं नाही.

"पाटणकर, शार्क म्हणजे दात नव्हेत. शार्क म्हणजे नाक!" आबासाहेब मला समजावत. "रक्ताचा वास त्याला लांबून लागतो. मग घाणही लागणारच की! अक्कल की बात है." गोऱ्या खलाशांना पाण्यात सोडायला असली एक पुडी देतात, हे त्यांनी लढाईवरून परतलेल्या एका शिपायाकडून ऐकलं होतं.

"त्यापेक्षा शार्कला मारूनच का टाकत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"का म्हणून? घर त्याचं आहे, पाहुणे आपण. त्याला नम्रपणे फक्त एवढंच सांगायचं, भैया, उधर से जाओ."

प्रयोगाला शार्क कुठून आणणार? मासा खाणारं दुसरं जनावर म्हणून त्यांनी गल्लीतली मांजर धरली. औषधात बुडवलेला तुकडा तिच्यापुढे ठेवला. ती शेपूट फुगवून पळाली, तेव्हा आबासाहेबांनी गल्लीत पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात तिने तसाच तुकडा चाटला. आबासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

"भुकेली असेल हो," मी म्हणालो.

"शार्कसुद्धा भुकेलाच असतो, पाटणकर," ते म्हणाले, आणि पातेल्याकडे पाठ करून बसले. मांजरीपायी माणूस इतका खचतो, याचं मला तेव्हा हसू आलं.

एकदा तर ते बाटली घेऊन थेट आमच्या सरकारी कचेरीत आले. आमचे साहेब इंदूरचे. ग्वाल्हेरकर म्हटला की त्यांच्या कपाळावर आठी ठरलेली.

"मध्यभारतात समुद्र कुठाय हो?" साहेबांनी रुमाल नाकाला लावून विचारलं.

"हुजूर, परवापर्यंत इथे आमचं संस्थान होतं. आज मध्यभारत आहे. आता म्हणे पुन्हा नवे प्रांत होणार. नकाशा रोज सरकतोय. उद्या समुद्र आपल्यात आला, तर तयारी नको?"

साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली.

आबासाहेबांना एक मुलगा होता, भांडून घर सोडून गेलेला. एवढंच आम्हाला ठाऊक. कुठे गेला, ते त्या घरात कुणी उच्चारत नसे. कुणी विचारलंच तर आबासाहेब म्हणत, "मला मुलगा नाही." मग त्यांची बायको, आमच्या वहिनी, आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेत.

शेवटी प्रांत खरोखरच बदलले. मध्यभारत गेलं, कचेरी भोपाळला निघाली, मी निरोप घ्यायला आबासाहेबांकडे गेलो. ते भोपाळच्या तलावात मगरी आहेत का, याची चौकशी करत होते. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. पांढराशुभ्र गणवेश, काखेत टोपी. आरमारातला तरुण.

"विनू!" वहिनी ओरडल्या आणि तशाच दाराकडे धावल्या.

संस्थानची फौज संपल्यावर विनूने आजा-पणजाची पलटणीची वाट सोडून आरमार धरलं होतं. भांडण त्यावरून होतं, हे वहिनींनी रडत रडत मला तेव्हा सांगितलं. मी अंगणातल्या पातेल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

आबासाहेब उठले नाहीत. मुलाच्या बुटांकडे बघत राहिले. मग दवाखान्यात रोग्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पाण्यात उतरावं लागतं का रे?"

"लागतं कधीकधी, आबा."

"खोल?"

"खोल असतं."

"काही... त्रास?"

"अजून तरी नाही."

आबासाहेबांनी मान हलवली. वहिनींनी खुर्ची पुढे केली, पण विनू बापाच्या पायाशी जमिनीवरच बसला, इस्त्रीची पर्वा न करता.

"मी कधी पाहिला नाही," आबासाहेब हळूच म्हणाले. "समुद्र. कसा असतो रे?"

विनू सांगू लागला. आबासाहेब लहान मुलासारखं तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मी उठलो. मला कुणी 'बसा' म्हटलं नाही. मी बाहेर आलो आणि दार हलकेच ओढून घेतलं.