जांभळं फाटक

मी रंगविक्रेता. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. पण काउंटरमागे उभं राहून जे राजकारण कळलं, ते भल्याभल्या पुढाऱ्यांना कळलेलं नाही. एकदा एक नवरा पांढऱ्यावर अडून बसला, बायको काळ्यावर. मी दोघांना राखाडी विकला आणि वर त्यांच्याकडूनच चहा घेतला. तेव्हापासून मी मध्यममार्गी. पक्ष कुठलाही असो, ओल सगळ्यांच्याच भिंतीला येते.

ऐन निवडणुकीत मी घराचं फाटक रंगवायचं ठरवलं. इथंच माती खाल्ली.

बायको लाल पक्षाची, वडील निळ्याचे. दोघांत आठवडाभर अबोला, निरोप्या मी.

"अहो, बाबांना सांगा, फाटक लालच होणार. नाहीतर मी चालले माहेरी."

बाबा शेजारच्याच खुर्चीत. "सूनबाईंना सांग, लाल फाटकातून मी आत पाऊल टाकणार नाही."

"बाबा, तुम्ही आतच आहात."

"मग बाहेर पडणार नाही!"

घर मोडायची वेळ आली. म्हटलं, दोघांचंही ऐकू. दुपारी दोघं झोपल्यावर अर्धा डबा लाल, अर्धा निळा एका बादलीत ढवळला आणि दोन हात मारले. फाटक असं देखणं जांभळं झालं, की मी स्वतःचीच पाठ थोपटली. (शर्ट गेला.)

संध्याकाळी कर्णा लावलेली गाडी दारात थांबली. त्यातून जांभळ्या पक्षाचा उमेदवार उतरला. (असा पक्ष आहे, हे मला तेव्हाच कळलं.) त्यानं मला कडकडून मिठी मारली.

"अख्ख्या गल्लीत उघडपणे आमच्यासोबत उभं राहणारं हे एकच घर!"

"अहो, हा नुसता मध्यममार्ग आहे..."

"मग आजपासून तुम्हीच आमचे गल्लीप्रमुख!"

फोटो निघाले. मागं वळून पाहतो तो दारात बायको आणि बाबा, खांद्याला खांदा लावून.

"बाबा, ह्यांना स्वतःचं काही मत आहे का हो?"

"लहानपणापासून नाही, सूनबाई."

आठवड्यातलं दोघांचं पहिलं बोलणं! घरात एकमत व्हावं, ही माझीच तर इच्छा होती. ते झालं. फक्त त्यात मी नव्हतो.

"सरळ पांढरा देऊन टाकू," बाबा म्हणाले.

"चालेल. पण डबा समोरच्या दुकानातून आणा हं, बाबा. ह्यांच्याकडचा पांढराही थोडा तुमचा, थोडा माझा निघायचा."