हद्दीवरचा चहा

"आज सायंकाळलोंग ह्या गल्लीमा कोनी भांडनं, तर मन्हाशी गाठ शे!"

कोसाडच्या वसाहतीत गल्लीच्या मधोमध उभं राहून निंबाआप्पानं फर्मान काढलं. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात मुकादमकी करून आप्पाचा आवाज एवढा कमावलेला होता की पार मागच्या बिल्डिंगीतल्या बायकाही पदर सावरून बाहेर आल्या.

कारणही तसंच होतं. वॉर्डांच्या नव्या हद्दींचा कच्चा नकाशा लागला होता आणि त्यातली रेघ नेमकी या गल्लीतून गेली होती. आप्पाची बाजू एका वॉर्डात, समोरची दुसऱ्यात. गटार मात्र दोघांत एकच, आणि ती तुंबण्यात तरबेज. एका नगरसेवकाला गाठतानाच नाकी नऊ यायचे. उद्या दोन झाले की हा त्याच्याकडे बोट दाखवणार, तो ह्याच्याकडे. शिवाय मतं अर्धी अर्धी झाल्यावर इथल्या खान्देशी माणसांना विचारणार कोण? म्हणून आप्पानं हरकत घेतली होती, की आम्ही दोन्हीकडचे एका घरासारखे राहतो. ते खरं का, हे पाहायला महापालिकेचे गुजराती अधिकारी देसाईसाहेब दुपारी येणार होते.

आप्पाला धाकधूक होती ती स्वतःच्या बायकोची. कलाबाई आणि समोरची मंदा यांचं रोज एकदा तरी वाजल्याशिवाय गल्लीचा दिवस उजाडत नसे. आप्पानं दोघींना हात जोडून विनवलं होतं.

साहेब आले. गल्ली झाडून लख्ख. कलाबाई ठेवणीतली साडी नेसून दारात उभी.

"नमस्कार, मंदाताई. बरं आहे ना?" कलाबाई शाळेतल्या बाईंसारखं बोलली.

"आपल्या कृपेनं," मंदा मान लववून म्हणाली.

मंदाचा नवरा चिंधा एरवी थेट आप्पाच्या स्वयंपाकघरात घुसून पातेल्यावरचं झाकण उचलायचा. आज तो उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाला, "आत येऊ का?"

देसाईसाहेबांनी चष्मा पुसला. "निंबाभाई, खोटू नही लगाडता, राग मानू नका. पण शेजारी असं बोलतात काय? असं तर वेवाई बोलतात, लग्न ठरवायला आलेले! मला तर या दोन अलग वस्त्या दिसतात."

आप्पानं घाईघाईनं खुर्ची पुढे ओढली. "साहेब, निदान चहा तरी घ्या," एवढंच त्याला सुचलं.

कलाबाईनं सोनेरी काठाच्या कपांतून चहा आणला. मंदानं कप उचलला, फिरवून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"हाऊ कप मना शे!"

"तुना? नाव कोरेल शे का?" कलाबाईची शाळा सुटली.

"नाव नही, पण हाई दांडी मन्हा घरवालानी तोडेल शे!"

"हो, मीच तोडी," चिंधानं प्रामाणिकपणे साक्ष दिली.

"कानबाईना सणले नेलेल कप! साल उलटनं!" मंदा कडाडली.

"कपनं काय सांगस? तुना पोऱ्या तापमा व्हता, तवय रातभर कोन बसनं?"

"अन् तुनी पोर वर्षानं बाळंतपण कोनी करं? तुना पाय मोडना, तवय भाकरी कोन थापे?"

"तुना घरनी चावी मन्हाकडे राहस. देऊ का आत्ते?"

आप्पानं कपाळावर हात मारून घेतला. गल्लीची सगळी दारं उघडली. आप्पाच्या बाजूच्या सुभद्राबाई मंदाकडून बोलू लागल्या, तर मंदाचा सख्खा भिंतशेजारी सुकलाल कलाबाईच्या बाजूनं उभा ठाकला. कोण कुठल्या बिल्डिंगीतला, काही कळेना.

"साहेब, माफ करा," आप्पा रडवेला होऊन म्हणाला.

साहेब हसत होते. "अरे, माफी कसली? इकडचे तिकडून भांडतात, तिकडचे इकडून. या भांडणातूनसुद्धा रेघ जात नाही, तर गल्लीतून कशी नेऊ?" आणि त्यांनी तोच दांडीतुटका कप तोंडाला लावला.

पक्का नकाशा लागला, तेव्हा रेघ मागच्या मोठ्या रस्त्यावर सरकली होती. आप्पाचा ऊर भरून आला. त्यानं साहेबांचे आभार मानले, कानबाईचे मानले, आणि घरी येऊन पहिल्यांदाच बायकोच्या जिभेचेही मानले. कलाबाई पाघळली. कप घासून, त्यांत पेढे ठेवून ती स्वतः मंदाकडे गेली.

मंदाचे डोळे भरले. तिनं पेढे घेतले आणि कप परत केले. "राहू दे तुनाकडेच, अक्का. पुढे परत कोनी रेघ मारी, तवय साहेबले काय दखाडशूत?"

त्या श्रावणात मंदाकडे कानबाई देवी बसली. आख्खी गल्ली तिथे जमली, चहा फिरू लागला. इतक्यात कलाबाईनं हातातली बशी उलटी करून पाहिली.

"मंदा! हाई बशी तर मनी शे!"

आप्पानं डोळे मिटले आणि देवीला मनापासून हात जोडले.